टिटवीचा डावा पंख

निवृत्तीला गावात ‘शब्दवाला’ म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण त्याला ते लागायचं नाही, उलट गडी खूश व्हायचा. एकदा मोहनरावांच्या पोरीच्या लग्नात ह्यानं सांगून ठेवलं, पंगतीत वाढायला मी येतो. आणि नेमका त्या दिवशी अंगात ताप. तर हा बाबा डोक्याला ओला रुमाल बांधून वरणाची बादली घेऊन पंगतीत उभा! बायको योगितानं कपाळाला हात लावला. “तुमच्यावाचून वरण काय ताटात उतरत नव्हतं का?” तर म्हणे, शब्द दिलता. असला माणूस. मनानं सरळ, कामाला वाघ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. राग आला की हात आधी चालायचा आणि अक्कल मागून यायची.

शिरूर कासारच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्याची वस्ती. दसरा झाला की ही वस्ती निम्मी रिकामी होते. ट्रॅक्टर येतात, त्यात भांडीकुंडी, पीठमीठ, शेरडं, कोंबड्या, पोरं सगळं भरलं जातं आणि माणसं ऊस तोडायला निघतात, ती उन्हाळा लागल्यावरच परत. मागं उरतात म्हातारीकोतारी आणि कुत्री. शाळेत तर दिवाळीनंतर पोरांपेक्षा भिंतीवरचे तक्तेच जास्त दिसतात.

शाळेतल्या पंचशीलाबाईंना ह्याचा भयंकर संताप. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्या गॅदरिंग घ्यायच्या आणि त्यात त्यांची एक नृत्यनाटिका असायचीच. गोष्ट त्याच रचायच्या, गाणं त्याच म्हणायच्या, पेटीही त्याच वाजवायच्या. पावसाळ्यापासून पोरं तयार करायच्या, आणि दसऱ्याला ट्रॅक्टर यायचा तो निम्मी झाडं, निम्मी पाखरं आणि कधीकधी राजासुद्धा उचलून न्यायचा. मग बाईंचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका वर्षी तर वाघच गेला. तेव्हा शेळ्यांनी एकमेकींनाच भिऊन नाटक पुरं केलं! गाव अजून त्याच्यावर हसतं. बाई मात्र त्या दिवशी घरी जाऊन रडल्या होत्या.

यंदाची गोष्ट होती टिटवीची. टिटवी उघड्या माळावर पिल्लं काढते. ना घरटं, ना आडोसा. मग ती झाडाकडं जाते, डोंगराकडं जाते, माणसाच्या छपराकडं जाते आणि म्हणते, “जागा द्या हो, जागा द्या, पिल्लांपुरती जागा द्या.” कुणी देत नाही. शेवटी वरून घार येते, आणि टिटवी आपलेच दोन्ही पंख पसरून सगळी पिल्लं त्याखाली घेते. संपली गोष्ट. पिल्लं म्हणजे पहिलीतली चिल्लीपिल्ली, घार म्हणजे सातवीतला एक दांडगा पोरगा, आणि टिटवी म्हणजे निवृत्तीची करिष्मा.

करिष्मा तिसरीत होती. एरवी ही पोरगी एवढी लाजरी की पाहुणे आले की दाराआड. पण गाणं सुरू झालं की कुठून अंगात यायचं कोण जाणे! हात असे पसरायची की बघणाऱ्याला वाटावं, आता उडते ही. बाई म्हणायच्या, “मला शिकवावंच लागलं न्हाई हिला.”

दसऱ्याच्या तोंडावर बाई निवृत्तीच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “यंदा पोरीला मागं ठेवा. आजीजवळ ऱ्हाईल.”

आजी म्हणजे निवृत्तीची आई भिमाबाई. तिला डोळ्यानं धड दिसत नव्हतं. भाकरी करताना तवा चाचपडायची. ती पोरीला काय सांभाळणार? आणि खरी अडचण पुढंच होती. योगिताच्या मांडीवर सोम्या होता. सोमेश्वर. नुकता रांगायला लागलेला.

“बाई, आमी फडात गेल्यावर ह्याला कुणी बघायचं?” योगिता म्हणाली. “तुमी येता का संगं?”

करिष्मा दाराआडून बघत होती. तिच्या डोळ्यात पाणी तरारलेलं निवृत्तीला दिसलं आणि ह्या शब्दवाल्याला राहवलं नाही.

“बाई, तिची जागा धरून ठेवा,” तो म्हणाला. “गॅदरिंगच्या दिवशी म्या तिला घेऊन येतो. कुठं का आसंना, येतो. शब्द हाय माझा.”

“बघा हं,” बाई म्हणाल्या. “म्या दुसरी टिटवी उभी करणार न्हाई. तुमी आला न्हाई तर पिल्लं तशीच उघडी पडतील.”

“आलोच म्हणून समजा.”

बाईंनी त्याच्या फोनमध्ये गाणं भरून दिलं, स्वतःच्या आवाजातलं, पेटीसकट. रोज संध्याकाळी तिच्याकडून करून घ्या म्हणाल्या. निवृत्तीनं मान डोलावली.

टोळी गेली फलटणच्या बाजूला. कॅनॉलच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोपी पडल्या. कोप म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर उसाचं वाळलं पाचट आणि ताडपत्री टाकायची, झालं घर. आत जायचं तर वाकून. पहाटे उजाडायच्या आत नवरा-बायको कोयता घेऊन फडात जायची. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि गाडी भरायला आली की दोघंही डोक्यावर मोळ्या वाहायची. कोपीवर करिष्मा आणि सोम्या. सकाळी भांडी, मग पाणी, मग भात टाकायचा, आणि दिवसभर सोम्या डाव्या कडेवर. सोम्याही असला लबाड, खाली ठेवला की भोकाड.

संध्याकाळी मात्र गाणं लागायचं. चूल पेटलेली असायची, आजूबाजूच्या कोपीतल्या बाया पीठ मळता मळता बघायच्या. करिष्मा सोम्याला गोधडीवर बसवायची आणि नाचायची. निवृत्ती हातपाय धुता धुता अभिमानानं म्हणायचा, “बघा, गॅदरिंगला जायचंय आमाला!” जसा काही स्वतःच नाचणार होता.

आणि एका संध्याकाळी ते घडलं. करिष्मा डोळे मिटून गिरकी घेत होती. सोम्या गोधडीवरून उतरला आणि रांगत रांगत शेजाऱ्याच्या बैलांच्या पायात जाऊन बसला. बैल माशा वारायला पाय आपटत होता. एक खूर पोराच्या बोटांपासून वीतभर लांब पडला. योगितानं किंकाळी फोडली. शेजारच्या माणसानं झडप घालून पोर उचललं. पोराला काही झालं नव्हतं, ते तर हसत होतं. पण निवृत्तीच्या अंगातलं रक्तच गोठलं, आणि मग ते एकदम डोक्यात चढलं. तो धावत आला तो थेट करिष्माकडं. फाडकन तिच्या थोबाडीत बसली.

“तुला नाच पायजे व्हय? भाऊ मेला आसता ना! आजपासून ह्याला खाली ठिवलं तर याद राख. हात सोडायचा न्हाई. कळलं का?”

करिष्मा रडली नाही. गाल धरून उभी राहिली. सगळ्या टोळीसमोर. मग तिनं सोम्याला कडेवर घेतलं.

रात्री जेवताना निवृत्तीला वाईट वाटलं. बापच तो, वाटणारच. त्यानं आपल्या भाकरीतला मधला मऊ भाग तिच्या ताटात टाकला. पण तोंडानं काही बोलला नाही. आपल्याकडं बापाला चूक झाली म्हणायची जीभच नसते.

दोन-तीन दिवस गाणं लागलं नाही. मग एका संध्याकाळी पुन्हा लागलं, आणि निवृत्तीच्या जिवात जीव आला. चला, विसरली पोरगी. फोन तो कोपीवरच ठेवून जायचा. दमून फडातून यायचा, लांबूनच गाणं ऐकू यायचं, पाचटाच्या ढिगाआड पोरगी नाचताना दिसायची, सोम्या तिच्या कडेवर खिदळत असायचा. निवृत्तीला वाटायचं, वा, पोर पण सांभाळते आणि नाच पण करते! रोज डोळ्यापुढं होतं सगळं. पण दमलेल्या माणसाचे डोळे नुसते उघडे असतात, बघत नाहीत.

नाताळ जवळ आला तसा त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणजे टोळीचा मालकच म्हणा ना, रामकिसन.

“दोन दिवस गावाकडं जाऊन येतो.”

“कावून? कुणी मेलं का?”

“पोरीचं गॅदरिंग हाय.”

रामकिसन आधी हसला. मग निवृत्ती हसत नाही हे बघून त्याचं हसू गेलं. “येडा का खुळा बे तू? ऐन हंगामात पोरीच्या नाचासाठी खाडा? गाड्या कुणी भरायच्या?”

“लाव खाडा. म्या शब्द दिलाय.”

“तुझा शब्द घाल चुलीत.”

बराच वेळ तोंडातोंडी झाली. शेवटी योगिताच मधे पडली. म्हणाली, मी दुसऱ्या जोडीबरोबर दोघांच्या वाटच्या मोळ्या उचलते, पण पोरीला जाऊ द्या. रात्री तिनं करिष्माचे केस धुऊन दिले, चापून तेल लावलं. “नीट नाच,” एवढंच म्हणाली. तिला स्वतःला काही बघायला मिळणार नव्हतं.

पहाटेच टोळीतल्या एकाची मागून घेतलेली मोटारसायकल निघाली. थंडी मी म्हणत होती. करिष्मा बापाच्या पाठीला चिकटून बसली होती. बारामती मागं पडली तेव्हा पहिल्यांदा बोलली.

“पप्पा, सोम्या कुणापशी हाय?”

“मम्मीपशी. फडाच्या कडंला झोळी बांधणार हाय.”

“झोळीतून पडतो त्यो.”

“न्हाई पडत. तू नाचाचं बघ.”

करमाळ्याच्या अलीकडं गाडीची चेन तुटली. निवृत्तीनं गाडी ढकलत ढकलत गॅरेज गाठलं, आणि तिथला माणूस जेवायला गेलेला. निवृत्ती नुसता येरझाऱ्या घालत होता. शब्द बुडतो का काय! करिष्मा पायरीवर बसून ओठातल्या ओठात गाणं म्हणत होती, आणि मधेच विचारत होती, “सोम्या आता उठला आसंल का?”

पोचले तेव्हा शाळेच्या पटांगणात माणसं बसलेली, पहिलं स्वागतगीत होऊन गेलेलं. पंचशीलाबाई कमरेला पदर खोचून फाटकातच उभ्या होत्या. मोटारसायकल दिसली आणि बाईंनी हातच जोडले, देवाला का निवृत्तीला, त्यांचं त्यांना ठाऊक. करिष्माला ओढतच आत नेलं. तालमीला वेळच नव्हता. बाईंनी जुन्या साडीचे पंख शिवले होते, पांढरे आणि तपकिरी, खांद्यापासून मनगटापर्यंत बांधायचे. निवृत्ती पुढच्या रांगेत आई भिमाबाईशेजारी जाऊन बसला. अंगावर अजून रस्त्याची धूळ. पण ऐटीत बसला. शब्द राखला होता गड्यानं.

पडदा उघडला. पिल्लं मधोमध दाटीवाटीनं बसली होती, त्यातलं एक लोकांकडं बघून आपल्या आईला हात करत होतं. गाणं सुरू झालं आणि करिष्मा आली. समोर एवढी माणसं बघून ती क्षणभर थबकली. तोंड पार उतरलं. मग पाय चालायला लागले. पाय अगदी बरोबर. उजवा पंख असा उघडला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डावा उघडला नाही.

झाडाकडं गेली, डोंगराकडं गेली, जागा द्या हो म्हणाली. डावा हात कोपरात मुडपून कमरेशीच. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, टिटवीचा पंख मोडला की!” पटांगण हसलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

“काय झालं रं?” भिमाबाईनं विचारलं. तिला काही दिसत नव्हतं. “कावून हासतेत?”

निवृत्तीचे कान तापले. एवढा खाडा करून, एवढं अंतर तुडवून आलो, आणि ही पोरगी अर्धाच नाच करते? राग नाकाच्या शेंड्यावर आला. त्यानं डोळे रोखून तिच्या डाव्या हाताकडं बघितलं, आणि मग त्याला दिसलं.

तो हात नुसता मुडपलेला नव्हता. तळवा वाटीसारखा वर होता, बोटं पसरलेली, बसलेल्या लेकराच्या कुल्ल्याखाली धरतात तशी. कंबर डावीकडं काढलेली. आणि मधेच, गिरकी घेता घेता, ती कमरेला एक हलका हिसडा देत होती. घसरत चाललेलं पोर बाया वर सरकवतात ना, तसा.

सोम्या होता तिथं. सोम्याला घेऊन नाचत होती ती. इतके दिवस कोपीपुढं तसाच नाच बसला होता, दुसरा तिच्या अंगाला आता येतच नव्हता.

बाया पण ओळखायला लागल्या होत्या. पुढच्या दोन-तीन जणींचं हसू थांबलं. एकीनं पदर तोंडाला लावला. पण मागची माणसं हसतच होती.

तेवढ्यात घार आली. दांडगा पोरगा काळं घोंगडं पसरून सुटला, पिल्लं ची ची करत टिटवीकडं पळाली. उजव्या पंखाखाली तीन-चार शिरली. डावीकडच्यांना जागाच नव्हती. ती उघड्यावर उभी राहून तिच्या मुडपलेल्या हाताला ओढायला लागली. एक बारकं पोरगं तर खरंच रडायला लागलं.

निवृत्ती ताडकन उभा राहिला. कधी राहिला त्याचं त्याला कळलं नाही.

“करिष्मा!” तो ओरडला. “सोड त्याला! खाली ठिव! पोरी, हात सोड!”

पटांगण चिडीचूप झालं. करिष्मानं बापाकडं बघितलं. बैलांच्या दिवशी जसं बघितलं होतं तसंच. बाप उभा आहे, ओरडतोय, एवढंच तिला दिसलं. आणि तिचा डावा हात आणखी घट्ट झाला. दोन्ही बाजूंनी जगानं ओढलं तरी सोडणार नाही असा तिनं तो धरला.

घारीला बिचारीला शिकवलं होतं तेवढंच ठाऊक. तिनं डावीकडची पिल्लं पकडली आणि घेऊन गेली. पडदा पडला.

निवृत्ती आत गेला तेव्हा पंचशीलाबाई खाली बसून पंखांच्या गाठी सोडत होत्या. उजवा पंख घामानं चुरगळलेला, डाव्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निवृत्तीकडं न बघता विचारलं, “बाळ दिवसभर हिच्याकडंच आसतं का हो?”

“हिच्याकडंच.”

बाई डाव्या पंखाची तेवढी पुन्हा पुन्हा घडी घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघायचं होतं. जामखेडला चहाला थांबले. निवृत्तीनं तिला क्रीमरोल घेऊन दिला. ती चहात बुडवून खात होती. खूप वेळ त्यानं शब्द जुळवले. एरवी शब्दाचा एवढा डौल, आता एक सापडेना.

“पंख कावून उघडला न्हाई गं?” शेवटी त्यानं हळू विचारलं.

करिष्मा घाबरली. क्रीमरोल खाली ठेवला. “चुकलं का पप्पा?”

“न्हाई. आसंच इचारलं.”

“तुमीच म्हणलतात ना,” ती म्हणाली, “हात सोडायचा न्हाई.”

चहावाल्याच्या पोरानं ग्लास उचलून नेले तरी निवृत्ती तसाच बसून होता. ह्या माणसानं आयुष्यात दिलेला प्रत्येक शब्द पाळला होता. आणि त्यानं पोरीला बजावलेला शब्द पोरीनं त्याच्यापेक्षा पक्का पाळला. माराच्या भीतीनं पाळला, हे त्याला आता कळत होतं, आणि त्याला स्वतःचा तो हात तोडून टाकावासा वाटत होता.

कॅनॉलच्या कडेला पोचले तेव्हा दिवस कलला होता. योगिता फडातून नुकतीच आली होती, सोम्या तिच्या कडेवर किरकिरत होता. बहिणीला बघताच त्यानं दोन्ही हात पुढं केले. गाडी पुरती थांबलीसुद्धा नव्हती, तोच करिष्माचा डावा हात पुढं झाला.

निवृत्तीनं गाडी तशीच स्टँडला लावली आणि मधे घुसून सोम्याला आपण घेतलं. सोम्या बापाच्या कडेवर भोकाड पसरून रडायला लागला. शेजारचे बापे बघून हसायला लागले. निवृत्तीनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. एका हातानं खिशातून फोन काढला, गाणं लावलं, पेटी वाजायला लागली.

“नाच आता,” तो म्हणाला. “ह्याला म्या धरतो. रोज म्याच धरीन. तू दोन्ही हातानं नाच.”

करिष्मा त्याच्याकडं नवलानं बघत राहिली.

“आता कशाला पप्पा?” ती म्हणाली. “झालं की गॅदरिंग.”

तिनं रडणाऱ्या सोम्याला त्याच्याकडून काढून घेतलं, डाव्या कडेवर नीट बसवलं, आणि चुलीला जाळ लावायला गेली.